दहशतवादी असं का करतात? आधी विचारा, त्यातला नेमका कोण

फोंड्याच्या एका उच्च माध्यमिक शाळेतल्या शिक्षिकेनं विचारलंय: पहलगामच्या हल्ल्यानंतर वर्गातली मुलं सारखी विचारतात, ही माणसं असं का करतात? शिकलीसवरलेली, बऱ्या घरची मुलं यात कशी ओढली जातात? आणि आपल्या गोव्यात असं काही होऊ शकतं का? त्यांना काय सांगायचं?

बाई, माझी नोकरी गोवा पोलिसांत झाली. त्यातली बरीच वर्षं स्पेशल ब्रांचमध्ये, म्हणजे गुप्त माहिती गोळा करणाऱ्या शाखेत गेली, आणि शेवटी शेवटी वाळपईच्या प्रशिक्षण केंद्रात हाच विषय नव्या पोरांना शिकवला. तेव्हा उत्तर लांबणार आणि थोडं पोलिसी वळणानं जाणार, हे आधीच सांगून ठेवतो.

'ही माणसं' म्हणताना आपण कोणाबद्दल बोलतोय, ते आधी ठरवावं लागतं. एका मोठ्या हल्ल्यामागे बहुधा तीन वेगवेगळे लोक असतात. एक, प्रत्यक्ष हत्यार घेऊन येणारा पोरगा. दुसरी, त्याला निवडून, शिकवून पाठवणारी संघटना. आणि पुष्कळदा तिसरा, संघटनेला पैसा, जागा आणि संरक्षण पुरवणारा पाठीराखा. तो कधी एखादा धनाढ्य असतो, कधी एखाद्या देशाची सरकारी यंत्रणा. तिघांची गरज वेगळी, हिशेब वेगळा. पोरगा घर सोडून का गेला ते संघटनेचा जाहीरनामा वाचून कळत नाही, आणि संघटनेनं तोच दिवस, तेच ठिकाण का निवडलं ते पोराच्या बालपणात सापडत नाही. टीव्हीवरच्या चर्चांत हे तिघे एकमेकांत मिसळले जातात आणि मग कोणी 'गरिबी' म्हणतो, कोणी 'धर्म' म्हणतो, कोणी 'शेजारी देश' म्हणतो. प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर असतं, फक्त प्रत्येकजण वेगळ्या माणसाबद्दल बोलत असतो.

पण त्याआधी तुमच्या वर्गातला एखादा हुशार मुलगा उठून विचारणारच: पोर्तुगीज आमच्या स्वातंत्र्यसैनिकांनाही दहशतवादीच म्हणत होते ना? म्हणत होते. आझाद गोमंतक दलाच्या माणसांनी पोलिस चौक्यांवर हल्ले केले, शस्त्रं पळवली. मोहन रानडे १९५५ साली बेतीच्या चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले, पोर्तुगालच्या तुरुंगात पाठवले गेले आणि सुटले १९६९ मध्ये, म्हणजे गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटल्यावर. त्याच दलातले प्रभाकर सिनारी मुक्तीनंतर पोलिस अधिकारी झाले. गोव्यात वाढलेल्या मुलाला हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे आणि तो दाबून टाकू नये.

मी प्रशिक्षणार्थींना सांगायचो की ध्येय चांगलं की वाईट यावर ही रेघ मारू नका, कारण ध्येय प्रत्येकाला आपलं पवित्रच वाटतं. निशाणा कोण होता ते बघा. शस्त्र घेऊन राज्य करणाऱ्यांच्या चौकीवर चालून जाणं ही एक गोष्ट. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोण मरेल याची पर्वा न करता बॉम्ब ठेवणं, आणि त्या मेलेल्यांकडे बोट दाखवून उरलेल्यांना वाकवणं, ही निराळी. दहशतवादात मरणारा हा निरोपाचा कागद असतो. निरोप दुसऱ्याच कोणाला तरी धाडलेला असतो. आपल्या यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम १५ मध्येही लोकांत दहशत माजवण्याचा उद्देश हाच व्याख्येचा एक कणा आहे. जगाचं मात्र अजून एकमत झालेलं नाही. भारतानं संयुक्त राष्ट्रांत दहशतवादावरच्या सर्वंकष कराराचा प्रस्ताव १९९६ मध्ये मांडला, तो आजही व्याख्येच्या वादात अडकून पडलाय. एक कबूल करतो की ही रेघ प्रत्यक्षात अनेकदा पुसट होते. श्रीलंकेतली एलटीटीई ही तमिळ बंडखोरांची संघटना सैन्याशी आमनेसामने लढायची आणि बाजारात, बसमध्ये सामान्य माणसंही मारायची. अशा वेळी संघटनेला शिक्का मारण्यापेक्षा कृत्याला मारावा.

हा दहशतवाद 'आधुनिक' कशानं झाला, यावर फार वेळ घालवत नाही. नोबेलनं १८६७ मध्ये डायनामाइटचं पेटंट घेतलं आणि १८८१ मध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर क्रांतिकारकांच्या बॉम्बनं मेला. थोडक्यात, मूठभर माणसांच्या हाती फौजेइतका आवाज आला. पुढे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस धरलं तेव्हा जगभरचे टीव्ही कॅमेरे तिथं आधीच हजर होते. आणि २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये मशिदींत शिरून ५१ जणांना मारणाऱ्यानं कॅमेरा स्वतःच्याच डोक्यावर बांधून आणला. स्फोटकं सुधारली हे खरं, पण या दीडशे वर्षांत त्याहून जास्त सुधारली ती प्रेक्षकापर्यंत पोचायची सोय.

आता पोराकडे येऊ.

गरिबी आणि अडाणीपणा हे उत्तर सगळ्यांत सोपं आणि अर्धंच उपयोगाचं. अजमल कसाब त्यात बसतो. पाकिस्तानी पंजाबातल्या गावचा, शाळा सुटलेला, मोलमजुरी करणारा. त्याच्या कबुलीजबाबात असं आहे की तो आणि त्याचा मित्र आधी दरोडे घालायचा विचार करत होते, त्यासाठी हत्यारं हवी होती, आणि हत्यारांच्या शोधात ते लष्कर-ए-तोयबाच्या माणसांपर्यंत पोचले. चोर व्हायला निघालेला पोरगा तिथं 'मुजाहिद' झाला. पण अमेरिकेवरच्या ९/११ च्या हल्ल्याचा म्होरक्या मोहम्मद अत्ता हा कैरोच्या वकिलाचा मुलगा, जर्मनीत हॅम्बुर्गला नगररचना शिकलेला. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन हा विषारी वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो पंथाच्या हल्लेखोरांत एक हृदयशल्यचिकित्सक होता, भौतिकशास्त्र शिकलेले होते. २०१९ च्या ईस्टरला श्रीलंकेतली चर्च आणि हॉटेलं उडवणाऱ्यांत कोलंबोच्या एका बड्या मसाला व्यापाऱ्याचे दोन मुलगे होते. आलिशान घर, गाड्या, धंदा सगळं असताना.

मग या सगळ्यांत सारखं काय? मार्क सेजमन नावाचे मनोविकारतज्ज्ञ, जे आधी सीआयएमध्ये अधिकारी होते, त्यांनी अशा अनेकांचे जीवनपट गोळा करून तपासले. त्यांना आढळलं की मोठा भाग हा मैत्रीतून किंवा नात्यातून आत गेला होता. विचार नंतर आला, दोस्त आधी. अत्ताच्या टोळीतले काहीजण हॅम्बुर्गच्या एकाच फ्लॅटमध्ये राहत. बालीच्या २००२ च्या स्फोटांत एकाच घरातले तीन भाऊ होते. आमच्या कामातही हेच दिसायचं: पोराचं नाव मिळालं की त्याची पुस्तकं शोधण्याआधी त्याचे चार मित्र शोधायचे. विचारधारा ही पुष्कळदा आत गेल्यावर शिकलेली भाषा असते. ती घडाघडा बोलता येते म्हणून ती कारण असतेच असं नाही.

पालकांना आणि शिक्षकांना वाटतं की एखाद्या भाषणानं, एखाद्या व्हिडिओनं मुलगा बदलतो. तसं एका रात्रीत घडत नाही. आधी एक राग असतो, आणि तो अनेकदा खरा असतो: कुठं अपमान झालेला, पोलिसानं विनाकारण दोन ठेवून दिलेल्या, नोकरी नाकारलेली, आपल्या लोकांवर कुठं दूरदेशी झालेल्या अत्याचाराची चित्रं पाहिलेली. त्या रागाला कोणीतरी नाव आणि पत्ता देतो: तुझ्या दुःखाला अमुक जमात जबाबदार आहे. इथपर्यंत पुष्कळजण येतात आणि बहुतेक सगळे इथंच थांबतात. पुढे जातो तो ज्याला एक छोटा गट मिळतो, जिथं त्याला पहिल्यांदा कोणीतरी 'कामाचा माणूस' समजतं. मग जुने मित्र सुटतात, घरातली लग्नं-बारशी टाळली जातात, आईच्या हातच्या जेवणालाही नियम लागतात. आणि मग एक लहानसं काम सांगितलं जातं. एक पाकीट पोचव. तुझ्या नावावर एक सिमकार्ड घे. कामात धोका नसतो, पण ते केल्यावर मागं फिरायची वाट अरुंद होते, आणि सांगणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

'ते वेडे असतात' हेही मुलांना सांगू नका. संघटना वेड्याला घेत नाही. तो भरवशाचा नसतो, फोनवर बडबडतो, ऐन वेळी पळतो. एकट्यानं हल्ला करणाऱ्यांत मनाचे आजार जास्त दिसतात, ते वेगळं प्रकरण. क्राइस्टचर्चचा खुनी एकटा होता. न्यूझीलंडच्या चौकशी आयोगानं त्याच्या घडणीत यूट्यूबचा मोठा वाटा असल्याचं नोंदवलं. त्याला प्रत्यक्षात टोळी नव्हती, पण पडद्यावर पाठ थोपटणारे होतेच.

संघटनेचं गणित मात्र थंड डोक्याचं असतं, आणि ते समजायला मुंबईवरच्या २००८ च्या २६/११ च्या हल्ल्याइतकं उघडं प्रकरण दुसरं नाही. दहाजण कराचीहून समुद्रानं निघाले, वाटेत 'कुबेर' हा गुजरातचा मच्छीमार ट्रॉलर पळवला, त्याच्या तांडेलाला शेवटी मारलं, रबरी होडीनं कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरले. पुढे साठेक तासांत १६६ माणसं गेली. त्या वेळात पाकिस्तानातून इंटरनेट फोनवर त्यांना सूचना देणारे टीव्ही बघत होते. आपल्या यंत्रणांनी ते संभाषण टिपलं, ते पुढे न्यायालयात आलं. त्यात ताजमध्ये आगी लावायचा तगादा आहे, कारण ज्वाळा जगाला दिसल्या पाहिजेत. आत ओलीस किती आहेत याइतकीच चिंता पडद्यावर काय दिसतंय याची.

त्या दिवशी पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री शाह महमूद कुरेशी दिल्लीत होते. दोन्ही देशांत बोलणी चालू होती. हल्ल्यानंतर ती थांबली. ज्यांचं महत्त्व भांडण चालू राहण्यावर अवलंबून असतं त्यांना समेटाची भीती सर्वांत जास्त. २००१ च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि दोन्ही सैन्यं कित्येक महिने सीमेवर समोरासमोर उभी राहिली. पाच माणसांनी दोन देशांच्या फौजा हलवल्या. इराकमध्ये २००६ साली समारातल्या शिया पंथीयांच्या पवित्र मशिदीचा घुमट उडवला, त्यानंतर शिया-सुन्नी कत्तली वाढतच गेल्या. घुमट उडवणाऱ्यांना नेमकं तेच हवं होतं. पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी २६ जण मारले गेले, आणि वाचलेल्यांनी सांगितलं की मारण्याआधी धर्म विचारला गेला. मारायचंच होतं तर विचारायची गरज काय? गरज अशी, की ती गोष्ट घराघरात सांगितली जावी आणि तुमच्या फोंड्याच्या वर्गातही दोन बाक एकमेकांकडे संशयानं बघायला लागावेत. त्या २६ जणांत पर्यटकांना वाचवायला गेलेला एक स्थानिक घोडेवालाही होता, आणि दुसऱ्या दिवशी काश्मीर खोरं निषेधात बंद राहिलं. हे दोन तपशील मुलांना आवर्जून सांगा.

पाठीराख्याबद्दल थोडक्यात. उघड युद्ध महाग पडतं, त्यात हरता येतं, जगाला जाब द्यावा लागतो. दहा पोरांचा खर्च किरकोळ असतो आणि 'ते आमचे नव्हेत' म्हणता येतं. २६/११ साठी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीनं २०१६ मध्ये व्हिडिओवरून मुंबईच्या न्यायालयापुढे साक्ष देताना लष्कर-ए-तोयबाबरोबर आयएसआय या पाकिस्तानी गुप्तचर यंत्रणेच्या अधिकाऱ्यांचीही नावं घेतली. पाठीराख्याला पोराच्या स्वर्गाशी काही देणंघेणं नसतं.

हेडलीचं नाव निघालंय तर पद्धतीकडे वळतो, कारण गोव्याचा संबंध इथं येतो. मूळ नाव दाऊद गिलानी. २००६ मध्ये त्यानं ते अधिकृतपणे बदलून इंग्रजी धाटणीचं केलं, अमेरिकी पासपोर्टवर मुंबईत आला, इमिग्रेशन सल्ल्याचं ऑफिस थाटलं, श्रीमंतांत मिसळला आणि ठिकाणांचं चित्रीकरण करत राहिला. २६/११ नंतरही तो थांबला नाही. २००९ च्या मार्चमध्ये पुन्हा भारतात येऊन त्यानं छबाड हाउस या ज्यूंच्या धार्मिक केंद्रांची रेकी, म्हणजे टेहळणी केली. पुणे, पुष्कर, दिल्लीबरोबर त्यात गोवाही होता. त्याला बघून आपल्या एकाही शॅकवाल्याला शंका आली नसती. दाढी, बंदूक, घाबरलेले डोळे हे सिनेमातलं. रेकी करणारा हा चांगलं टिप देणारं, हसून बोलणारं गिऱ्हाईक असतो.

हल्ल्याचा देखावा काही मिनिटांचा किंवा तासांचा, त्यामागची तयारी महिन्यांची, आणि ती सगळी कंटाळवाणी. खोली भाड्यानं घेणं, गाडी मिळवणं, पैसे हलवणं, येण्याजाण्याची वेळ बघणं. यातलं प्रत्येक काम सामान्य माणसाच्या हातून जातं. म्हणून आमच्या धंद्यात कमांडोपेक्षा लॉजच्या रजिस्टरला जास्त मान. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारकडे भरायची, भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यायची, हे नियम आहेत. आपल्या किनारपट्टीवर खोल्या देणारे काहीजण ते टाळतात, कारण खोली नोंदलेलीच नसते आणि करवाल्याची भीती अतिरेक्यापेक्षा मोठी. स्पष्ट बोलायचं तर गोव्याची सगळ्यांत कच्ची बाजू मला तीच वाटत आलीये. नाक्यावर उभ्या केलेल्या चार बॅरिकेड्सनी ती भरून निघत नाही.

समुद्राचंही तसंच. १२ मार्च १९९३ च्या मुंबई स्फोटांत २५७ माणसं गेली. त्यासाठीचं आरडीएक्स हे स्फोटक रायगडात शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं होतं, तस्करीच्या मुरलेल्या वाटेनं, आणि त्या प्रकरणात कस्टम्स आणि पोलिस खात्यातल्या माणसांनाही शिक्षा झाल्या. पैसे घेऊन डोळे मिटणाऱ्याला पेटीत काय आहे ते कळत नाही आणि तो विचारतही नाही. हा धडा कोकण आणि गोवा दोघांनाही सारखाच लागू. २६/११ नंतर किनारी पोलिस ठाणी आली, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली, मोठ्या बोटींवर त्यांचा ठावठिकाणा कळवणारी यंत्रं बसली, 'सागर कवच' नावाचे सराव होऊ लागले. चांगलं आहे. पण मालिमच्या, कुटबणच्या जेटीवरचा खलाशी किंवा पहाटे जाळं ओढणारा रापणकार अनोळखी होडी जितक्या लवकर ओळखतो तितकी कुठलीही स्क्रीन ओळखत नाही. त्याला पोलिसांशी बोलावंसं वाटलं पाहिजे. दर वेळी कागद मागून त्याला हैराण केलं तर तो होडी बघेल आणि गप्प बसेल.

'गोव्यात होऊ शकतं का' याचं उत्तर टाळत नाही. होऊ शकतं, गोवा नकाशावर आहे. पर्यटनावर जगणारी जागा दोन कारणांनी निवडली जाते. तिथं वेगवेगळ्या देशांची माणसं एकत्र सापडतात, म्हणजे एका स्फोटाची बातमी दहा देशांत पहिल्या पानावर. आणि तिथलं अर्थकारण भीतीनं लगेच बसतं. बालीत १२ ऑक्टोबर २००२ ला कुटाच्या नाइटक्लबांत २०२ जण गेले, त्यांत ८८ ऑस्ट्रेलियन. ट्युनिशियात सूसच्या किनाऱ्यावर २०१५ च्या जूनमध्ये एका बंदूकधाऱ्यानं ३८ जणांना मारलं, बहुतेक ब्रिटिश. त्यानंतर तिथली हॉटेलं ओस पडली. आपल्याकडेही २००८ च्या डिसेंबरात किनाऱ्यावरच्या पार्ट्यांवर बंदी आली होती, गोव्यात एकही गोळी न सुटता.

पण हाच हिशेब उलटतोही. इजिप्तमध्ये लक्झरला १९९७ साली ६२ जणांची, बहुतांश परदेशी पर्यटकांची, कत्तल झाली. नाईल काठचे गाईड, टांगेवाले, होडीवाले, दुकानदार सगळ्यांची चूल त्यावर चालत होती. लोक सरकारवर उठतील असं वाटणाऱ्या गटावर लोकच उलटले. पुढे त्या संघटनेनं हिंसा सोडल्याचं जाहीर केलं. जिथं लोक गटाला आपलं मानत नाहीत तिथं तो फार टिकत नाही. रँड या अमेरिकी संस्थेनं १९६८ ते २००६ या काळातल्या ६४८ दहशतवादी गटांचा अभ्यास केला होता. जे गट संपले त्यांतले ४३ टक्के राजकारणाच्या प्रवाहात येऊन संपले, ४० टक्के पोलिस आणि गुप्तचरांच्या कामानं, आणि लष्करी बळानं फक्त ७ टक्के. मी पोलिसवाला, मला हे आकडे आवडणारच. पण ४३ मोठे आहेत हे मलाही दिसतं.

आणि गोव्यात झालंच नाही असंही नाही. १६ ऑक्टोबर २००९, नरकचतुर्दशीची आदली रात्र. गावागावांत नरकासुराचे पुतळे उभे होते, मडगावात त्यांच्या स्पर्धेची गर्दी होती. तिथं एका स्कूटरवरची स्फोटकं आधीच फुटली आणि ती नेणारे दोघे मेले. ते कोणत्या परदेशातून आलेले नव्हते आणि तुमच्या वर्गातली मुलं ज्या धर्माचं नाव पटकन घेतील त्या धर्माचेही नव्हते. तपास राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला, सहाजणांवर खटला चालला, आणि २०१३ च्या शेवटी विशेष न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. उच्च न्यायालयातही तो निकाल टिकला. ज्यांना सोडलं ते निर्दोषच समजायचे, त्यात किंतु नको. पण तो साठा कोणी, का जमवला याचं न्यायालयात टिकेल असं उत्तर गोव्याला मिळालेलं नाही.

हे एकट्या मडगावचं नाही. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत आधी पकडलेल्या नऊ मुसलमान तरुणांवरचे आरोप, त्यांतला एक वारल्यानंतर, न्यायालयानं २०१६ मध्ये रद्द केले. मुंबईच्या लोकलमधल्या जुलै २००६ च्या स्फोटांसाठी दोषी ठरवलेल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयानं २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवलं. दहाच दिवसांनी मालेगावच्या २००८ च्या खटल्यातले सातही हिंदू आरोपी विशेष न्यायालयानं सोडले. दोन्ही बाजूंच्या लोकांनी त्या दोन निकालांपैकी एकच साजरा केला. तपास करणाऱ्याला मात्र दोन्हींत एकच गोष्ट दिसते: घटनास्थळी नीट न उचललेला पुरावा, आणि मृतांच्या घरच्यांना अजून न मिळालेलं नाव. 'हे कोणी केलं असणार' हे ज्याला पंचनाम्याआधी ठाऊक असतं तो अधिकारी मला नेहमी धोकादायक वाटला. चुकीचा माणूस आत गेला की खरा बाहेर फिरतो, आणि आत गेलेल्याच्या धाकट्या भावाला सांगायला भरती करणाऱ्याकडे आयती गोष्ट तयार होते.

आता तुमच्या वर्गापुरतं. श्रीलंकेतल्या ईस्टर हल्ल्याचा म्होरक्या झहरान हाशिम याच्याविरुद्ध त्याच्याच गावातल्या मुसलमानांनी आधी तक्रारी केल्या होत्या. भारतानंही हल्ल्याआधी श्रीलंकेला इशारा दिला होता. माहिती होती, ती ऐकून हलणारं कोणी नव्हतं; अडीचशेहून जास्त माणसं गेली. म्हणून मुलगा बदलतोय असं वाटलं तर पहिली खूण त्याच्या घरच्यांना आणि मित्रांना दिसते, पोलिसाला सगळ्यांत शेवटी. दाढी वाढवली, टिळा लावला, देवळात, मशिदीत किंवा चर्चमध्ये जाऊ लागला, या खुणा नव्हेत. सतरा वर्षांचं पोर देव शोधतं, क्रिकेट शोधतं, काहीही शोधतं. जुने मित्र एकदम तोडले, एका विशिष्ट जमातीबद्दल बोलताना ती माणसंच नव्हेत असं बोलू लागला, मारण्याचे व्हिडिओ बघून खूष होतो, अनोळखी मोठ्या माणसाशी लपून बोलतो, यांकडे बघा. आणि बघितल्यावर पहिल्याच दिवशी ठाण्यात धावू नका. त्याच्याशी वाद घालून त्याला हरवायचाही प्रयत्न नको. वादासाठी त्याला पढवलेलंच असतं. त्याच्या रागाचं मूळ विचारा आणि ज्याचं तो अजून ऐकतो असा मामा, प्रशिक्षक, जुना दोस्त शोधा. शस्त्राची, कोणाला इजा करण्याची भाषा कानावर आली, किंवा कोणी त्याच्याकडून पैसे, सिमकार्ड, पार्सल हलवून घेतंय असं कळलं, तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी ११२ वर फोन करायचा.

हल्ल्याचे व्हिडिओ वर्गात दाखवावेत का, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. दाखवू नका. क्राइस्टचर्चच्या हल्लेखोराचं नावही उच्चारणार नाही, असं न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितलं आणि पाळलं. त्याचं चित्रीकरण बाळगणं, वाटणं तिथं गुन्हा ठरलं आणि वाटणाऱ्यांना तुरुंगवासही झाला. तरी पहिल्या चोवीस तासांत एकट्या फेसबुकला त्याच्या १५ लाख प्रती काढाव्या लागल्या. मुलांच्या फोनवर असं काही आलं तर पुढे पाठवू न देता कुठल्या नंबरावरून, कुठल्या ग्रुपवर आलं ते लिहून ठेवायला सांगा आणि ती नोंद मुख्याध्यापकांमार्फत पोलिसांकडे द्या. मूळ पाठवणाऱ्यापर्यंत पोचायला पुष्कळदा तेवढं पुरतं.